पांढऱ्या भिंतीपुढचा ताड

खंदारे सरांचं नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तरी या लेखात एक गोष्ट नीट झालेली असेल. बाबुराव खंदारे, जिंतूरच्या शाळेतले माझे चित्रकलेचे शिक्षक. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बी. ए. झालो तो सरांनी मला शाळेतून सुटू दिलं नाही म्हणून.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या दिवशी वडील मला कापूस वेचायला नेणार होते. सर सकाळी सायकल घेऊन दारात आले, मला दांडीवर बसवलं आणि अकरा किलोमीटर दूरच्या केंद्रावर नेऊन उतरवलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले.

"दत्ता, खिशातलं खोडरबर काढ आणि रस्त्यात टाक."

सरांचं म्हणणं असं, की ज्याला काय काढायचं ते माहीत आहे त्याला खोडरबर लागत नाही. रेघ एकदा, एका दमात. मी खिशात हात घातला, टाकल्यासारखं केलं, आणि खोडरबर सदऱ्याच्या दुमडलेल्या बाहीत सरकवलं. परीक्षेत ते मी भरपूर वापरलं. मला ए श्रेणी मिळाली. सरांनी साऱ्या वर्गासमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "बिनखोडरबराची ए!" पुढच्या प्रत्येक तुकडीला ते ही गोष्ट सांगत राहिले, असं ऐकतो.

मी आता परभणीत एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर लिहितो आणि कडेच्या वेली काढतो. भाषा थोडी भरजरी झाली आहे, हे कबूल. "लग्नाला या" एवढंच सांगायला मी अकरा ओळी घेतो आणि लोक खूश होतात. त्याच भाषेत मी सरांना दर दिवाळीला पत्र लिहीत आलो. प्रत्येक पत्रात खोडरबराचं सांगायचं आणि आभार मानायचे असं ठरवून बसायचो, आणि प्रत्येक वेळी "आपल्या ज्ञानरूपी वटवृक्षाच्या शीतल छायेत" इथपर्यंत आलो की पान संपायचं.

गेल्या वर्षी सरांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. बारीक काही दिसत नाही. जाड, काळं, मोठं असेल तेवढंच. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही हळूहळू जाईल. माझ्या शेवटच्या पत्राला त्यांचं पोस्टकार्ड आलं. स्केचपेनने लिहिलेलं, बोटभर उंचीची अक्षरं:

"पत्र मिळालं. कागद चांगला आहे. काही दिसलं नाही. ठळक लिही. कमी लिही."

मी लगेच फोन केला. सर म्हणाले, "सूनबाई वाचून दाखवते, पण ती तुझी विशेषणं गाळते. मला स्वतः वाचायचंय, दिसतंय तोवर. आणि एक काम कर. मी एकतीस वर्षं पोरांना समुद्राचा देखावा शिकवला. मी समुद्र पाहिलेला नाही. जाऊन बघ आणि त्याची रेघ मला दिसेल अशी काढून पाठव. एकच रेघ. शेडिंग नको. शेडिंग करून तू चुका झाकतोस."

आमच्या गावचा गजानन बोईसरला कारखान्यात आहे. म्हणून समुद्र ठरला तो तिकडचा.

वैतरणा

डहाणूकडे जाणारी गाडी वैतरणा स्टेशन सोडून पुलावर आली आणि खाली पाणीच पाणी. वही उघडली, काळा मार्कर काढला आणि पलीकडच्या काठाची रेघ ओढली. एका दमात. डोळ्यांत पाणी आलं हेही लिहून ठेवतो.

समोरच्या बाकावर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईंनी वहीत डोकावून पाहिलं. "काय काढता, दादा?"

"अथांग सागर."

"खाडी हाय ती," त्या म्हणाल्या. "सागर पुढं हाय. येवढ्यात थकू नका."

पालघर

मार्करची शाई पुलावरच संपत आली, म्हणून नवे मार्कर घ्यायला पालघरला उतरलो. बाजाराच्या वाटेवर एका लांब कुंपणाच्या भिंतीवर वारली चित्रं होती. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे, वर वाटोळं डोकं, हातापायांना काड्या. तरीही कोण नाचतंय, कोण दमलंय, हे रस्त्याच्या पलीकडून कळत होतं. माझ्या पत्रिकेवरचे नवरानवरी नाकीडोळी नीटस असतात, पण नवरा कोणता हे खाली लिहावं लागतं.

एक उतारवयाचे गृहस्थ उडालेला रंग पुन्हा भरत होते. मी नम्रपणे विचारलं, "काका, यात छायाप्रकाश नाही वाटतं?"

त्यांनी ब्रश थांबवला नाही. "सावली पायजे का? उन्हात उभा ऱ्हा. पडंल."

मी उभा राहिलो. पडली. अगदी स्वच्छ पडली.

बोईसर

"उमरोळी स्टेशन गेलं की दाराशी ये, नाहीतर डहाणूला जाशील," असं गजाननने बजावलं होतं. तो स्टेशनवर आला होता. त्याच्या खोलीत आणखी दोघं राहतात, उत्तर प्रदेशचे. त्यामुळे खोलीची भाषा हिंदी, आणि गजाननची हिंदी अशी की ते दोघं मराठी शिकत आहेत.

त्याने मला कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. यंत्राजवळ पूर्वी पाटी होती: "कामगारांनी यंत्राच्या सान्निध्यात वावरताना आवश्यक ती दक्षता बाळगणे इष्ट आहे." कोणीही ती शेवटपर्यंत वाचली नव्हती. मग खोलीतल्या सुनीलने पुठ्ठ्यावर एक पंजा काढला, त्यावर लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, "हाथ मत डालो."

"तेव्हापासून कोणी हात घालत नाही?" मी विचारलं.

"घालत नाही. आणि ती पहिली पाटी, लेका, लई सुंदर होती," गजानन म्हणाला. "तुझ्यासारख्यानंच लिहिली असंल."

संध्याकाळी त्याने मला मच्छीबाजारात जमनाबाईंपुढे उभं केलं. त्या नवापूरच्या, मुलगा रमाकांत याची बोट आहे आणि मासळी विकायला त्या रोज बोईसरला येतात. गजानन त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मी हात जोडून म्हणालो, "मावशी, आपल्या सागरतटीच्या निवासस्थानी दोन दिवस आश्रय लाभल्यास..."

जमनाबाई गजाननकडे वळल्या. "याला काय पायजे?"

"दोन दिवस राहायचंय."

"मंग तसं सांग ना," त्या मला म्हणाल्या. "मासं खातोस?"

"मत्स्याहाराचा विशेष सराव नसला तरी..."

"खातो," गजानन म्हणाला.

नवापूर

समुद्र पाहिला. मला वाटलं होतं निळा असेल, आणि जिथे संपतो तिथे पट्टीने मारल्यासारखी रेघ असेल. आम्हाला देखाव्यात आधी तीच मारायला शिकवलं होतं. प्रत्यक्षात पाणी दुधाळ करड्या रंगाचं, आभाळही तसंच, आणि दोन्ही कुठेतरी एकमेकांत विरघळलेली. मी डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटून पाहिला. रेघ नव्हती.

"धुरकट हाय," रमाकांत जाळं सांधत म्हणाला. "वारा फिरला की सुटंल. उद्या, परवा. नायतर पुढल्या आठवड्यात."

मला परवा निघायचं होतं.

किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून. आमच्याकडे मिरच्या वाळतात. वास वेगळा, शिस्त तीच. दुपारी ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडची ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला चावायला लावते. ही तोंडात जाताच हार मानते. मी मात्र बोंबलातला काटा शोधत बसलो. सगळे जेवून उठले तरी माझा पहिलाच तुकडा ताटात होता.

"काय तपासतोस?" जमनाबाई म्हणाल्या. "बोंबलाचा काटा मऊ असतो. खाऊन टाक. ज्याचा काटा टोचतो तो लांबून दिसतो."

इतक्या पाहुणचारानंतर काहीतरी दिल्याशिवाय राहणं मला बरं वाटेना. घराची समुद्राकडची मागची भिंत मोठी होती, नुकताच चुना लावलेली, कागदासारखी पांढरी. कोरा कागद पाहून आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात शिवशिवतो. जमनाबाई बाजाराला निघाल्या होत्या. मी त्यांना दाराशी गाठलं.

"मावशी, या वास्तूच्या भित्तिकेवर कृतज्ञतेचं एखादं स्मृतिचिन्ह रेखाटावं, अशी मनीषा आहे."

त्यांना रिक्षा गाठायची होती. "कर बाबा, काय करायचं ते," म्हणाल्या आणि गेल्या.

रमाकांत बोटीचं काम बघायला खाडीत गेला होता. बोईसरहून आणलेल्या रंगाच्या बाटल्या मी उघडल्या. आजवर जे काही शिकलो होतो ते सगळं मी तीन तासांत त्या भिंतीवर ओतलं: दोन डोंगर, मधून मावळणारा सूर्य, शिडाची होडी, पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब, आणि दोन्ही बाजूंना मिळून पाच डौलदार माड. शेडिंग तर असं की प्रत्येक माड गोल वाटावा. शेजारच्या दोन बायका येऊन बघून गेल्या. मी सांगून करतोय असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

अंधार पडल्यावर सगळे घरी आले. सकाळी उजेडात दाखवून चकित करायचं म्हणून मी काही बोललो नाही. पण रमाकांत म्हणाला, "रेघ बघायची तर पहाटं बोटीत चल," आणि चकित करणं राहिलं.

समुद्रात

बोटीत तिघं होतो: रमाकांत, त्याचा चुलतभाऊ जयेश आणि मी. पहिल्या तासाचं वर्णन करत नाही. आदल्या दिवशीचं कालवण समुद्राला परत गेलं एवढंच सांगतो. जयेशने माझा सदरा मागून धरून ठेवला होता. त्याचे आभार मी तिथेच मानले, एका शब्दात. त्यापेक्षा जास्त तेव्हा येत नव्हते.

उजाडलं. पश्चिमेकडे पुन्हा तेच दूध. मी वही उघडून रेघेची वाट पाहत बसलो.

"ती रेघ धरायला निघालास तर दिवाळीला पोचशील," रमाकांत म्हणाला. "जाशील तशी पुढं सरकती. आमच्या कामाची रेघ मागं हाय. वळून बघ."

मी वळलो. जमिनीकडेही धुरकट होतं, पण उत्तरेला वीज केंद्राची धुराडी उभी होती, मागे डोंगरांच्या पाठी, आणि खाली किनारा. रमाकांतने समजावून सांगितलं. गावापुढे पाण्याखाली खडक आहेत. त्यात बोट जाईल एवढी एकच फट आहे, दारासारखी. पाणी उतरायला लागलं की खडक दिसत नाहीत आणि टोचतात मात्र. ती फट सापडायची खूण अशी: किनाऱ्यावर एक एकटा ताड आहे, आणि त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर त्यांच्या घराची ती पांढरी भिंत. समुद्रातून येताना ताडाचं काळं खोड पांढऱ्या भिंतीच्या बरोबर मधोमध आलं, की सरळ आत. ताड डावीकडे सरकला तर खडक, उजवीकडे सरकला तरी खडक.

"बापानं भिंत बांधली ती त्याच्यासाठीच," तो म्हणाला. "दर वर्षी चुना लावतो. सगळ्या गावच्या बोटी तिच्यावर येतात."

"पण मोबाइलमध्ये नकाशा असतो ना?" मी विचारलं.

"मोबाइल सांगतो नवापूर आलं. दार कुठं ते डोळ्यानं बघायला लागतं."

मग त्यांनी जाळं ओढलं, बोंबील आले, पुष्कळ आले, दोघं खुशीत होते. मला खरं सांगायला चार तास मिळाले होते. मी मनात वाक्य जुळवत होतो. ते "माझ्या अल्पमतीनुसार" असं सुरू होत होतं आणि पुढे जात नव्हतं.

दुपारी परत फिरलो. ओहोटी लागली होती. रमाकांतने किनाऱ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात धरून पाहिलं. मग इंजिन कमी केलं.

"जयेश, भिंत कुठं गेली?"

जयेश उभा राहिला. "तिथं काय तरी सांडलंय."

"काय सांडलंय?"

"कालवण सांडल्यासारखं दिसतंय."

मीही पाहिलं. माझे डोंगर, माझा सूर्य, माझं प्रतिबिंब, सगळं मिळून एक तपकिरी डाग झालं होतं. त्या डागात उभ्या रेघा होत्या. पुष्कळ होत्या.

"ताड दिसला," जयेश म्हणाला. "नाय, तो नाय. तो बाजूचा. थांब. आरं, सहा हायत!"

"सहा ताड कुठनं आलं?"

आता अकरा ओळींना वेळ नव्हता. मी म्हणालो, "पाच मी काढले."

"कशाला?" रमाकांतने विचारलं. रागाने नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाणी उतरत होतं. आता आत गेलो नाही तर पुढच्या भरतीपर्यंत बाहेर थांबायचं, आणि तोवर उन्हात बोंबलाचा चिखल होणार. अंदाजाने गेलो तर खडक. बोट त्याच्या बापाची. रमाकांतने फोन काढून कानाला लावला, पण त्याच्या आईचा आवाज कानाला न लावताही ऐकू येत होता.

"आये, मागच्या भिंतीवर चादर टाक! पांढरी!"

"भिंतीवर? कशाला?"

"जाऊन भिंत बघ!"

चपलांचा आवाज मागच्या दाराकडे गेला. मग फोनमधून जे आलं ते मी लिहीत नाही. त्यातलं माझ्यासाठी कोणतं आणि चित्रासाठी कोणतं हे वेगळं करणं कठीण होतं.

किनाऱ्यावर ठिपके धावताना दिसले. एक मोठा फडका भिंतीपुढे उघडला. रमाकांत ओरडला, "फुलाफुलांची नको! पांढरीच आण! कोरी!" फडका गेला, दुसरा आला. मग तिसरा. चार-पाच बायका हात वर करून चादरी ताणून उभ्या राहिल्या असाव्यात. हळूहळू त्या डागाच्या मधोमध एक पांढरा चौकोन तयार झाला, थोडा वाकडा, वाऱ्याने फुगणारा.

आणि त्या पांढऱ्यावर ताड उभा राहिला. काळा. एक. खाली किंचित जाड, वर जाताना जरा डावीकडे झुकलेला. कोणी मार्कर टेकवून एका दमात वर ओढावा तसा. त्याला शेडिंग नव्हतं. असलं तरी आम्हाला नको होतं.

"मधोमध," जयेश म्हणाला. "मधोमध. जरा उजवीकडं घे. मधोमध."

दोन्ही बाजूंना पाणी खडकांवरून खळखळत होतं. मी त्या एका रेघेकडे बघत होतो. मला वाटतं, सरांनी एकतीस वर्षं जे सांगितलं ते तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. आत आलो, इंजिन बंद झालं, आणि मग मला वहीची आठवण झाली.

किनाऱ्यावर जमनाबाई चादर खांद्यावर टाकून उभ्या होत्या.

"तूच केलंस ना?"

"हो, मावशी. मी केलं. चुकलं."

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. मी पाच शब्दांत बोलू शकतो याची त्यांना कल्पना नसावी.

"झाड बाहेर हाय," त्या म्हणाल्या. "रोज बघतो आमी. सूर्य हाय, होडी हाय. भिंतीवर परत कशाला? भिंतीवर काय नव्हतं, तेच तर काम होतं तिचं."

पुन्हा नवापूर

तिसऱ्या दिवशी मी भिंतीला चुना लावला. एका हातात पाच माड मावळले नाहीत. मावळता सूर्य तर दुसऱ्या हातानंतरही मावळेना. तीन हात द्यावे लागले. गावातून येणारेजाणारे थांबून सूचना देत होते. "रंगारी, सहावा ताड पुसू नको हां, तो खरा हाय!" हे मी त्या दिवशी किमान दहा जणांकडून ऐकलं.

बादलीवर वाकलो असताना खिशातून काहीतरी घरंगळून चुन्यात पडलं. खोडरबर. परीक्षेचंच ते. इतकी वर्षं बरोबर बाळगलं होतं. झिजून चिंचोक्याएवढं उरलं होतं. मी हात घालणार तोच जमनाबाई ओरडल्या, "चुन्यात हात घालू नको!"

पाटी स्पष्ट होती. मी हात घातला नाही.

निघताना त्यांनी सुक्या बोंबलाची पुडी दिली आणि म्हणाल्या, "परत ये. रंग आणू नको." पश्चिमेला अजूनही धुरकटच होतं.

बोईसरला गजाननच्या खोलीत बसून मी पत्र लिहिलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला. सुनीलला मराठी येत नाही, तरी त्याने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "भाई, इतना क्या हुआ था?" मग मी जाड मार्कर घेतला आणि मोठ्या पांढऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. मधोमध उभी रेघ काढली, खाली जाड, वर जराशी डावीकडे झुकलेली. बाकी जागेत हे:

सर, नमस्कार.

समुद्र पाहिला. त्याची रेघ तीन दिवस दिसली नाही.

ही रेघ ताडाची आहे. मागे पांढरी भिंत आहे. ताड मधोमध धरून बोट घरी येते. मी बोटीत होतो.

परीक्षेच्या दिवशी खोडरबर मी टाकलं नव्हतं. बाहीत लपवलं होतं. ए श्रेणी खोडरबराची आहे. पोरांना खरं सांगा.

तुम्ही न्यायला आला होता. आभार मानायचे राहिले होते. मानतो.

ही रेघ एकदाच काढली.

दत्ता